मोटार, माळरान आणि मालकी

ब्रिटनमध्ये दरवर्षी १२ ऑगस्ट या दिवशी ग्राऊस पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. ग्राऊस हा तित्तिराच्या जवळचा पक्षी. स्कॉटलंड व उत्तर इंग्लंडमधील थंड, उघड्या माळरानांवर वाढणाऱ्या हेदर नावाच्या खुरट्या झुडपांवर त्याचा निर्वाह चालतो. १० डिसेंबरपर्यंत चालणाऱ्या या हंगामात शहरांतील धनिक मंडळी बंदुका, कुत्री, उंची बूट आणि मद्याच्या पेट्या घेऊन उत्तरेकडे प्रयाण करतात. एके काळी ती आगगाडीने जात, आता मोटारीने जातात. चिखल, दगडधोंडे आणि ओढे यांनी भरलेल्या त्या मुलखात जीपसारखी साधी, दणकट गाडी पुरते, हे त्यांनाही ठाऊक असते. तरीही 'ग्रँड टूरर' या वर्गातील अतिवेगवान आणि अतिमहाग मोटारी शिकारीच्या कामी जुंपण्याची हौस तेथील श्रीमंत वर्गाने अर्धशतकाहून अधिक काळ जोपासली आहे. ही हौस हास्यास्पद म्हणून सोडून देणे सोपे आहे. परंतु तिच्यामागे जमिनीच्या मालकीचा जो इतिहास उभा आहे, तो हसण्यावारी नेण्यासारखा खचितच नाही.

'ग्रँड टूरर' या नावातच एका वर्गाची ओळख दडलेली आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडमधील उमराव घराण्यांतील तरुण शिक्षण पुरे करण्यासाठी म्हणून फ्रान्स-इटलीची दीर्घ सफर करीत. त्या सफरीला 'ग्रँड टूर' म्हणत. विसाव्या शतकात तेच नाव मोटारीला मिळाले. दोन माणसांना त्यांच्या सामानासह एका दिवसात शेकडो मैल आरामात आणि भरधाव नेणे, हे या गाडीचे प्रयोजन. त्यासाठी ती ठेंगणी असते, तिचे पोट जमिनीच्या अगदी जवळ असते, पत्रा हलका असतो आणि मागच्या बाजूस सामानाला जेमतेम जागा असते. म्हणजेच शेतातल्या वाटेवर, ओल्या गवतावर किंवा डोंगराच्या चढणीवर जे जे गुण लागतात, नेमके तेच तिच्यात नसतात.

या विसंगतीवर जो तोडगा निघाला, त्याचा एक नमुना प्रसिद्ध आहे. हडर्सफील्डचे कारखानदार डेव्हिड ब्राऊन यांनी १९४७ साली ॲस्टन मार्टिन ही मोटार कंपनी विकत घेतली. त्यांच्या आजोबांनी १८६० साली सुरू केलेला कारखाना दंतचक्रे बनवीत असे. डेव्हिड ब्राऊन यांनी त्याला ट्रॅक्टरची जोड दिली आणि यॉर्कशायरमधील मेल्टम येथे ट्रॅक्टरचा मोठा उद्योग उभारला. ॲस्टन मार्टिनच्या गाड्यांच्या नावांतील 'डीबी' ही अक्षरे त्यांच्याच नावाची आहेत. १९६३ साली निघालेल्या डीबी-५ या गाडीतून शिकारीला व पोलोला जाताना त्यांच्या कुत्र्याला आणि सामानाला जागा पुरेना. तेव्हा त्यांनी आपल्याच कारखान्यात त्या गाडीचे छप्पर मागेपर्यंत वाढवून घेतले, अशी हकीगत सांगितली जाते. ते पाहून इतर गिऱ्हाइकांनीही मागणी केली आणि हॅरल्ड रॅडफर्ड या बांधणीकार कंपनीने तशा डझनभर गाड्या तयार करून दिल्या. अशा गाडीला 'शूटिंग ब्रेक' म्हणतात. येथे 'ब्रेक' म्हणजे वेग रोखणारे साधन नव्हे. शिकाऱ्यांना, त्यांच्या कुत्र्यांना आणि मारलेल्या पक्ष्यांना वाहून नेणाऱ्या घोड्यांच्या खटाऱ्याचे ते जुने नाव आहे. ते नाव उचलून मोटारीला चिकटवण्यात आले.

येथे क्षणभर थांबून एका गोष्टीची नोंद घेणे उचित ठरेल. एकाच मालकाच्या एका कारखान्यातून शेतकऱ्याच्या कामाचा ट्रॅक्टर बाहेर पडत होता आणि दुसऱ्यातून त्याच शेताच्या बांधावर शिकारीसाठी उभी राहणारी आलिशान मोटार. ट्रॅक्टरच्या धंद्यातील नफ्याने तोट्यातील मोटारधंदा वर्षानुवर्षे पोसला. १९७२ साली ब्राऊन यांना दोन्ही विकावे लागले. मेल्टममधील ट्रॅक्टरचे उत्पादन १९८८ साली बंद पडले, आणि हौशीची मोटार मात्र मालकामागून मालक बदलत जिवंत राहिली. उत्पादनाचे साधन मोडीत निघावे आणि उपभोगाचे साधन वारसा म्हणून जपले जावे, हा भांडवली अर्थव्यवस्थेतील केवळ योगायोग मानता येत नाही.

पुढील काळात यंत्रज्ञांनी ही अडचण अधिक शास्त्रशुद्ध रीतीने सोडवली. १९६६ सालच्या जेन्सन एफएफ या ग्रँड टूरर गाडीत इंजिनाची शक्ती चारही चाकांना देण्यात आली. अशा गाड्या सुमारे ३२० बनल्या. २०११ साली फेरारीने चार आसनांची आणि चारही चाकांवर चालणारी गाडी काढली, तिचा आकारही शूटिंग ब्रेकचाच होता. बेंटले कंपनीने २०१६ साली एका मोटारीत मासेमारीच्या गळांसाठी कातडी नळकांडी बसवली आणि पुढल्याच वर्षी ससाणा घेऊन शिकारीला जाणाऱ्यांसाठी पक्ष्याला बसायला दांडी असलेली मोटार दाखवली. जगातील कुशल अभियंत्यांची आणि कारागिरांची बुद्धी ससाण्याच्या दांडीवर खर्ची पडते, तेव्हा बाजारपेठ कोणाची मागणी ऐकते आणि कोणाची ऐकत नाही, याचा निराळा पुरावा द्यावा लागत नाही. गरज सर्वांनाच असते. बाजाराला ऐकू येते ती पैशाच्या आवाजात बोलणारी गरज.

थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात निरुद्योगी वर्गाच्या उपभोगाची जी मीमांसा केली, ती येथे अक्षरशः लागू पडते. या वर्गाच्या लेखी वस्तूची किंमत तिच्या उपयोगात नसून तिच्यातून दिसणाऱ्या उधळपट्टीत असते, असे त्याचे प्रतिपादन होते. शिकार आणि मर्दानी खेळ यांची आवड हा लुटारू युगातील मनोवृत्तीचा अवशेष आहे, असेही त्याने म्हटले होते. शिकारीच्या माळावर उभ्या केलेल्या ग्रँड टूरर मोटारीत या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. ती गाडी त्या कामाला निरुपयोगी आहे, हाच तिचा उपयोग. शुभ्र धोतर नेसून चिखलात उतरणारा माणस चिखलाला भीत नाही, कारण ते धोतर धुणारे हात दुसऱ्याचे असतात. लक्षावधी रुपयांच्या रंगावर उडालेला चिखलही हेच सांगत असतो.

मात्र येथेच एक धोका संभवतो. विषमतेविरुद्ध लढणाऱ्या कार्यकर्त्याचे लक्ष या चकचकीत पत्र्यावरच खिळून राहिले, तर त्याचा राग मोटारीवर खर्च होतो आणि मोटार जिथे उभी आहे ती जमीन त्याच्या दृष्टीतून निसटते. मोटारीचा मत्सर म्हणजे समतेचे राजकारण नव्हे. मोटार ही परिणामाची खूण आहे, कारण तिच्या चाकांखाली आहे.

ते माळरान निसर्गतः तसे नाही. ग्राऊसची संख्या वाढावी म्हणून हेदर पट्ट्यापट्ट्यांनी जाळली जाते. जुन्या झुडपांत पक्ष्यांना आडोसा मिळतो आणि जळलेल्या जागी फुटणारे कोवळे शेंडे त्यांना खायला मिळतात. कोल्हे आणि कावळे मारण्यासाठी पगारी रखवालदार असतात. शिकारी पक्ष्यांना कायद्याने संरक्षण असूनही या माळांवर ते बेकायदा मारले जात असल्याच्या तक्रारी वारंवार सिद्ध झालेल्या आहेत. प्रत्यक्ष शिकारीच्या दिवशी आसपासच्या गावांतील स्त्री-पुरुष रोजंदारीवर निशाणे फडकवीत रांगेने चालत येतात आणि पक्षी उठवतात. दगडी आडोशामागे उभे असलेले पाहुणे त्यांच्यावर गोळ्या झाडतात. पाहुण्याच्या मागे दुसरी बंदूक भरून देणारा माणूस असतो. पाहुणा जे शुल्क भरतो ते पडणाऱ्या पक्ष्यांच्या जोडीवर ठरते. एका माणसाचा विरंगुळा उभा राहण्यासाठी दिवसभर किती माणसे आणि वर्षभर किती जमीन राबते, याचा हिशेब कोणत्याही मोटारीच्या किमतीपेक्षा मोठा निघेल.

या मालकीला कायद्याने कसे घडवले, तेही पाहण्यासारखे आहे. इंग्लंडच्या १६७१ सालच्या शिकार कायद्याने वर्षाला १०० पौंड उत्पन्नाची स्वतःची जमीन असलेल्यालाच शिकारीचा अधिकार ठेवला. त्या काळी परगण्यात मत देण्यासाठी वर्षाला ४० शिलिंग, म्हणजे २ पौंड उत्पन्नाची जमीन पुरत असे. राज्याचा प्रतिनिधी निवडण्यासाठी जी पात्रता लागे, तिच्या पन्नासपट पात्रता एक तित्तिर मारण्यासाठी लागत होती. आपल्या पिकात शिरलेला ससा मारण्याचा अधिकार लहान शेतकऱ्याला नव्हता. १७२३ साली तोंडाला काळे फासून हरणाच्या राखीव रानात शिरणाऱ्यांना फाशी देणारा कायदा झाला, तो मुख्यतः रद्द व्हायला शंभर वर्षे जावी लागली. या कायद्याची ई. पी. थॉम्पसन या इतिहासकाराने १९७५ साली केलेली चिकित्सा अभ्यासूंना परिचित आहे. १८३१ साली शिकारीसाठी असलेली मालमत्तेची अट गेली. तथापि तोवर सामायिक कुरणे आणि माळ कुंपणांआड गेलेले होते. अधिकार खुला झाला तेव्हा जमीन बंद झालेली होती.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाची कथा याहून दारुण आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तेथील जमीनदारांनी कुळांची गावेच्या गावे उठवून मेंढ्यांना जागा करून दिली. पुढे लोकरीचे भाव पडले तेव्हा मेंढ्या गेल्या आणि हरणे आली, कारण शिकारीचे भाडे लोकरीपेक्षा किफायतशीर ठरू लागले. कुळे मात्र परतली नाहीत. १८८७ च्या नोव्हेंबरात लुईस बेटावरील भुकेल्या लोकांनी पार्क येथील राखीव रानात शिरून हरणे मारली आणि खाल्ली. त्यांच्या पुढाऱ्यांवर दंगलीचा खटला भरण्यात आला. एडिंबरोच्या न्यायालयात पुढील जानेवारीत ते निर्दोष सुटले. त्यांनी शिकार केली ती पोटासाठी, म्हणून तिला गुन्हा म्हटले गेले. पोट भरलेल्यांनी केलेल्या शिकारीला क्रीडा हे नाव आधीच मिळालेले होते. आजही स्कॉटलंडमधील खाजगी ग्रामीण जमिनीपैकी निम्मी सुमारे ४३२ मालकांच्या हाती असल्याचा अंदाज मांडला जातो.

भारतीय वाचकास हे चित्र सर्वस्वी परके वाटणार नाही. कोट्याचे महाराव उमेदसिंह दुसरे यांनी १९२५ साली इंग्लंडहून मागवलेली रोल्स-रॉईस गाडी खास वाघाच्या शिकारीसाठी बांधलेली होती. तिच्यावर शोधदिवे आणि बंदुका बसवलेल्या होत्या. कोल्हापूर संस्थानचे दाजीपूरचे रानही असेच राजघराण्याच्या शिकारीसाठी राखलेले होते, ते १९५८ साली गव्यांचे अभयारण्य झाले. संस्थानी शिकारीत रान उठवण्यासाठी हाकारे म्हणून आसपासच्या रयतेला वेठीला धरले जाई. संस्थाने गेली, १९७१ साली तनखे गेले, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्या शिकारीचा कायदेशीर आधारही गेला. भारतात हा खेळ संपला. ब्रिटनमध्ये, जिथून त्याची मोटार आली, तिथे तो परवान्यानिशी चालू आहे.

शिकारीच्या समर्थकांची बाजू विचारात न घेणे अप्रामाणिकपणाचे होईल. दुर्गम भागात रखवालदारांना, खानावळींना आणि हाकाऱ्यांना या खेळातून काम मिळते, मारलेला पक्षी खाल्ला जातो, शिकार नसती तर हे माळ सरकारी झाडीखाली किंवा मेंढ्यांखाली गेले असते, असे ते म्हणतात. आलिशान मोटारींविषयीही असाच युक्तिवाद असतो. नळ्यांच्या सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा हाताने ठोकून बसवणाऱ्या न्यूपोर्ट पॅग्नेलच्या कामगारांचे कसब या गाड्यांमुळे टिकले, हे खोटे नाही. त्या कसबाचा अनादर कोणताही समाजवादी करणार नाही. आक्षेप कसबावर नाही, ते कोणाच्या आज्ञेने कोठे लागते यावर आहे. रोजगाराच्या युक्तिवादाचेही तसेच. ज्या जमिनीवर दुसरा कोणताही उद्योग करण्यास मालकाने वाव ठेवलेला नाही, तिथे असलेल्या तुटपुंज्या कामाचे श्रेय मालकानेच घेणे म्हणजे विहीर बुजवणाऱ्याने घोटभर पाण्यासाठी आभाराची अपेक्षा करणे होय. शिवाय हा खेळ स्वतःच्या पायांवर उभा आहे असेही नाही. शिकारीच्या हक्कांवरील स्थानिक कर स्कॉटलंडमध्ये १९९५ साली माफ करण्यात आला होता. तो पुन्हा बसवायला २०१६ सालचा जमीन सुधारणा कायदा यावा लागला. ग्राऊसच्या शिकारीला परवान्याची अट तर २०२४ साली आली.

मोटार आणि जमीन यांतील मुख्य काय आणि गौण काय, याचा निवाडा एग या छोट्या बेटावर जितका स्पष्टपणे झाला तितका क्वचितच कोठे झाला असेल. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळचे, सुमारे ३० चौरस किलोमीटरचे हे बेट पिढ्यान्‌पिढ्या एकेका मालकाचे होते. १९७५ साली ते कीथ शेलेनबर्ग यांनी घेतले. ते उद्योजक होते, हिवाळी ऑलिंपिकमध्ये बर्फावरच्या घसरगाडीच्या शर्यतीत उतरलेले खेळाडू होते आणि जुन्या मोटारींचे शौकीनही होते. बेटावरच्या एकमेव रस्त्यावरून ते १९२० च्या दशकातील रोल्स-रॉईसमधून पाहुण्यांना फिरवीत. रहिवाशांना घरांचे आणि शेतांचे पक्के भाडेपट्टे मिळत नव्हते आणि जे आपले नाही ते दुरुस्त करण्यात कोणाला रस उरत नव्हता. मालक आणि रहिवासी यांच्यातील वाद विकोपाला गेला. १९९४ च्या जानेवारीत धक्क्याजवळच्या शेडमध्ये ती रोल्स-रॉईस जळून गेली. आग कशामुळे लागली याचा उलगडा झाला नाही आणि कोणावर दोषही सिद्ध झाला नाही.

मोटार जळाली. तिने काय बदलले? भाडेपट्टे होते तसेच राहिले. १९९५ साली शेलेनबर्ग यांनी बेट एका जर्मन चित्रकाराला विकले, म्हणजे एका मालकाच्या जागी दुसरा मालक आला. खरा बदल झाला तो १९९७ च्या जूनमध्ये. सुमारे ६५ रहिवाशांनी, डोंगराळ प्रदेशाच्या स्थानिक परिषदेला आणि वन्यजीव संरक्षण करणाऱ्या एका संस्थेला सोबत घेऊन, देशभरातून देणग्या जमवल्या. एका अनाम स्त्रीने मोठी रक्कम दिली. सुमारे १५ लाख पौंडांना ते बेट खरेदी करून विश्वस्त संस्थेच्या नावे करण्यात आले. रहिवाशांना दीर्घ मुदतीचे भाडेपट्टे मिळाले, घरे दुरुस्त होऊ लागली, गेलेली तरुण मंडळी परतू लागली. पुढे लोकसंख्या शंभरावर गेली.

२००८ साली या बेटाने पाणी, वारा आणि ऊन यांपासून स्वतःची वीज निर्माण केली. ती कशी वाटायची हे रहिवाशांनीच ठरवले. प्रत्येक घराला एका वेळी जास्तीत जास्त ५ किलोवॅट आणि प्रत्येक व्यवसायाला १० किलोवॅट. श्रीमंताला अधिक पैसे मोजून ही मर्यादा ओलांडता येत नाही. डेव्हिड ब्राऊन यांच्या डीबी-५ गाडीचे इंजिन २८२ अश्वशक्तीचे, म्हणजे सुमारे २१० किलोवॅटचे होते. एक माणूस, त्याचा कुत्रा आणि त्याची बंदूक यांना माळावर नेण्यासाठी जी शक्ती योजली होती, ती एगच्या हिशेबाने बेचाळीस घरांचा वाटा होते. समतेवरील अनेक व्याख्यानांनी जे साधत नाही ते हा एक भागाकार साधतो. उपभोगावर मर्यादा घालणे अव्यवहार्य आहे असे म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, एगची मर्यादा कोणी वरून लादलेली नाही. जमीन सर्वांची झाल्यानंतर तिथल्या माणसांनी ती आपणहून स्वीकारली. मालकीचा प्रश्न आधी सुटला, मग संयम शक्य झाला. क्रम उलटा असता तर तो उपदेशच राहिला असता.

इंग्लंडमध्येही लोकांनी मोटारीच्या नव्हे, माळाच्या दारावर थाप मारली होती. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर परिसरातील सुमारे चारशे कामगार तरुण किंडर स्काऊट या ग्राऊसच्या शिकारीसाठी बंद ठेवलेल्या माळावर चालत गेले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन वीस वर्षांचा होता. शाळा सोडून त्याने मोटारधंद्यात उमेदवारी केली होती आणि त्या दिवशी तो सायकलवरून आला होता. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. १९४९ साली ॲटली यांच्या मजूर सरकारने राष्ट्रीय उद्यानांचा कायदा केला आणि १९५१ साली देशातील पहिले राष्ट्रीय उद्यान झाले ते त्याच भागात. २००० साली इंग्लंड व वेल्समध्ये उघड्या माळांवर चालण्याचा हक्क कायद्यात आला. त्या सत्याग्रहाला सत्तर वर्षे झाली तेव्हा, २००२ साली, ज्या डेव्हनशर घराण्याचा तो माळ होता, त्याच्या तत्कालीन ड्यूकने जाहीर क्षमा मागितली. रॉथमन त्याच वर्षीच्या जानेवारीत वारले होते.

स्कॉटलंडच्या २००३ सालच्या जमीन सुधारणा कायद्याने तर जमीन कोणाचीही असो, जबाबदारीने वागणाऱ्या प्रत्येकाला बहुतेक जमिनीवरून जाण्याचा हक्क दिला. या हक्कातून काय वगळले आहे ते वाचण्यासारखे आहे. अपंगांच्या वाहनांचा अपवाद सोडता मोटारीने जाणे वगळले आहे, आणि शिकार व मासेमारीही वगळली आहे. पायी चालणाऱ्याला, सायकलवाल्याला, घोडेस्वाराला माळ खुला आहे. मोटार आणि बंदूक घेऊन येणाऱ्याला मात्र आजही मालकाची परवानगी लागते.

शिकारीच्या माळावर उभी असलेली ती देखणी मोटार आणखी काही काळ तशीच उभी राहील. तिच्यावर दगड मारून काही साधणार नाही. तिच्या शेजारून, परवानगी न मागता, हक्काने चालत जाणाऱ्या माणसांची संख्या वाढणे, आणि त्या माणसांनी एक दिवस माळाच्या सातबाऱ्यावर आपली नावे पाहणे, हे अधिक अवघड आणि अधिक टिकाऊ काम आहे. एगच्या पासष्ट माणसांनी ते करून दाखवले आहे.